नीतू हटवारची पोस्ट

सकाळी उठल्यावर देवाचं नाव घ्यायच्या आधी मी नीतू हटवारची पोस्ट बघते. किती जणांना आवडली, खाली कोणी काय लिहिलं, कोणी पुढे पाठवली. मग तोंड धुते. तीन वर्षं हे असंच चाललंय आणि माझ्या नवऱ्याला ते पाठ आहे. कौस्तुभ चहा गाळता गाळता विचारतो, "आज किती?" मी म्हणते, "मला काय माहीत." तो म्हणतो, "चार हजार. मी बघितली."

नीतू फिजिओथेरपिस्ट आहे. मीही आहे. भिलाईत आमच्यासारखे पुष्कळ आहेत, कारण या गावात पाठी आणि गुडघे भरपूर झिजतात. पण लिंक्डइनवर भिलाई आणि फिजिओ असे दोन शब्द टाकले की पहिली येते ती नीतू. कोहक्याला एका शटरच्या आत तिची खोली आहे. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, भिंतीला चाक ठोकून त्यावरून सोडलेली दोरी. माझं क्लिनिक नेहरूनगरात आहे. एसी आहे, बाहेर बसायला सोफा आहे, जर्मन मशीन आहे, भिंतीवर नागपूरच्या मास्टर्सचं प्रमाणपत्र आहे. सोफ्यावर हल्ली मीच बसते.

आणि ही बाई माझ्याकडे नोकरीला होती! रायपूरहून पदवी घेऊन आली आणि दोन वर्षं माझ्या हाताखाली काम शिकली. बुटकी, मनगटाने दणकट, तेल लावून घट्ट वेणी, आणि आवाज असा की शेजारच्या दुकानातल्यालाही पेशंटचा आजार कळावा. मी पेशंटला विचारायचे, "कुठे दुखतं?" ती विचारायची, "काय करता येऊन नाही राहिलं?" मग पेशंट तिच्याशी अर्धा तास बोलत बसायचा. केवलराम नावाचे एक रिटायर्ड क्रेन ऑपरेटर होते, त्यांनी तिला सांगितलं की मला नातवाला खांद्यावर घेता येत नाही. तिने कंबरेचे व्यायाम सोडून त्यांना आधी पाच किलो पिठाची पिशवी उचलायला शिकवली, मग दहा किलोची. दुपारी पेशंट नसले की खाटेवर मांडी घालून एका शाळकरी वहीत काहीबाही लिहायची. मी रागवायचे, "नीतू, इथे काम करायला येतेस की निबंध लिहायला?" ती वही मिटून म्हणायची, "लिहून नाही ठेवलं तं विसरते ना ताई."

त्या वहीतूनच पुढे तिचं सगळं उगवलं. साध्या हिंदीत लिहिते. नळावरच्या बाईला सांगावं तसं. पहिली गाजलेली पोस्ट होती ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी नापास झाली त्याची. शाळा हिंदी माध्यमाची, हाडांची नावं इंग्रजीत, जिभेवर बसत नव्हती. तिने चुलीमागच्या भिंतीवर सांगाड्याचा तक्ता लावला आणि तिची आई, मनकर्णाबाई, पोळ्या लाटता लाटता तिची उजळणी घ्यायला लागली. आई चौथी शिकलेली. तिला इंग्रजी अक्षर वाचता यायचं नाही म्हणून ती लाटण्याने हाड दाखवायची आणि नीतूने नाव सांगायचं. नीतू पास झाली तोवर आईलाही सगळी हाडं पाठ झाली होती आणि शेजारीण घसरून पडली तेव्हा मनकर्णाबाईंनी जाहीर केलं की हिचं क्लॅव्हिकल गेलं. अकरा हजार लोकांना ही गोष्ट आवडली. मलाही आवडली, आणि म्हणूनच त्या दिवशी मी जेवले नाही.

मीही लिहीत होते बरं का. 'निरोगी मणक्यासाठी पाच सवयी.' 'गुडघेदुखी : समज आणि गैरसमज.' प्रत्येक पोस्टला नऊ लाइक्स. त्यात एक कौस्तुभचा, एक माझ्या आईचा, आणि आईचाही चष्मा पुसताना चुकून अंगठा लागला म्हणून.

इतकंच असतं तर मी मनातल्या मनात जळून घेतलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. पण गेल्या वर्षी दुर्गला एक नवं खाजगी हॉस्पिटल सुरू होणार होतं आणि त्यांना फिजिओथेरपीचा विभागप्रमुख हवा होता. बारा खाटांचा विभाग, हाताखाली सहा माणसं, पाण्यातल्या व्यायामाचं टाकं. वीस वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते. माझं क्लिनिक असंही बंद पडायच्या वाटेवर होतं. मला ती जागा हवी होती, आणि इतकी हवी होती की मी मनात टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं.

मुलाखत उत्तम झाली. शेवटी तिथल्या व्यवस्थापक साधना मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शिक्षणाबद्दल प्रश्नच नाही. पण हल्ली पेशंट आधी मोबाईलवर डॉक्टर शोधतो. लोकांना तुम्ही माणूस म्हणून कळला पाहिजेत. आम्ही दोघींची नावं काढली आहेत. महिनाअखेरीपर्यंत दोघींचं ऑनलाइन काम बघून ठरवू."

दुसरी कोण, हे मी विचारलं नाही. बाहेरच्या बाकावर ती बसलीच होती. मला बघून उठून उभी राहिली. "ताई, तुमी? अरे वा!" खरंच आनंद झाल्यासारखी. या बाईचं हेच मला सहन होत नाही.

घरी येऊन मी माझी गोष्ट शोधायला बसले. सापडेना. माझे वडील स्टील प्लँटमध्ये ऑफिसर होते. सगळे त्यांना भैय्याजी म्हणायचे. आमचं घर मोठं, पुढे लॉन, लॉनवर झोका. इंग्रजी शाळा, क्लबात टेबल टेनिस, सुट्टीत नागपूर. मेडिकलला थोडक्यात नंबर लागला नाही म्हणून फिजिओथेरपी. यात कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार? "तुझ्या आयुष्यात काहीतरी दुःख असेल की," कौस्तुभ म्हणाला. "लग्न झालंय ना तुझं." मी हसले नाही. गरिबी नावाची एक गोष्ट असते आणि ती नीतूकडे होती, माझ्याकडे नव्हती. सगळा दोष मी माझ्या वडिलांच्या पगाराला दिला.

आणि मग एका रविवारी सकाळी मी ती पोस्ट लिहिली. 'दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर. बाबा शिफ्टवरून यायचे तेव्हा त्यांच्या पाठीला मी तेल लावायची. त्या पाठीने मला हा व्यवसाय दिला.' लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं. खोटं आहे हे माहीत असून भरून आलं, म्हणजे बघा. शेवटची ओळ जुळवून दिली टाकून, आणि न्हायला गेले.

आता माझी चूक काय झाली ते भिलाईच्या माणसाला सांगावं लागणार नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कोणी आपलं लहानपण सांगायला लागला की आधी सेक्टर सांगतो, मग सडक सांगतो, मग नाव. ही गोष्ट हाडात मुरलेली आहे. आणि सेक्टर-सडक कळली की ऐकणाऱ्याला बाकी सगळं कळतं, कारण प्लँटच्या वसाहतीत एका सडकेवर एकाच प्रकारची घरं. वडील कुठल्या ग्रेडमध्ये होते, घरात खोल्या किती, बाथरूममध्ये गीझर होता की नाही, सगळं. मी खोल्या दोन केल्या, बाबांना शिफ्टला पाठवलं, पाठीला तेल लावलं. पण पहिल्या ओळीत हात आपोआप चालला आणि मी आमचा सेक्टर आणि आमची सडक, नंबरासकट, खरीखुरी लिहिली.

न्हाऊन आले तोवर तीस कॉमेंट. पहिली गीतांजलीची, माझ्या वर्गातली, आता बंगळुरूला. 'उत्कर्षा, ये तो हमारी वाली सड़क है! दो कमरे? तुम्हारे लॉन में तो झूला था!' दुसरीने लिहिलं की आमच्याकडे माळी यायचा. तिसऱ्याने थेट फोटोच टाकला, माझ्या नवव्या वाढदिवसाचा. मी मखमली फ्रॉकमध्ये, मागे शोकेस, शोकेसमध्ये चिनी मातीची बदकं. भिलाई सोडून जगभर गेलेली माणसं त्या रविवारी जणू ठरवून मोकळी होती. अमेरिकेतून एकाने विचारलं की दुसरी खोली बदकांसाठी होती का. दुपारपर्यंत पोस्ट दोन हजार लोकांनी पुढे पाठवली. नीतूच्या पोस्टीसुद्धा इतक्या वेगाने कधी गेल्या नव्हत्या. आयुष्यात एकदा मी तिच्या पुढे गेले ती अशी.

"काढून टाक ना," कौस्तुभ म्हणाला. मी काढायला गेले आणि कॉमेंटमध्ये नीतूचं नाव दिसलं. मला वाटलं, चला, आता ही आली. बघू तरी किती हसते.

तिने लांबलचक लिहिलं होतं. हिंदीत होतं, मी मराठीत सांगते.

'उत्कर्षाताईंच्या घरात दोन खोल्या नव्हत्या. मोठं घर होतं. मी आठ वर्षांची होते. त्यांच्या आई रविवारी आम्हा मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवायच्या, कारण आमची शाळा हिंदी. एकदा पाणी प्यायला मी मागच्या अंगणात गेले. तिथे दोरीवर चादरी बांधल्या होत्या. चादरींच्या आत ताई आपल्या बाबांना चालवत होत्या. साहेबांची उजवी बाजू गेली होती. पाय ओढला जायचा. ते ओरडायचे, ताई पण ओरडायच्या. ताई तेव्हा अकरावीत असतील. एक पाऊल टाकलं की म्हणायच्या, अजून एक. त्यानंतर दर रविवारी मी मुद्दाम पाणी प्यायला जायचे. पावसाळा संपला तेव्हा साहेब एकटे नळापर्यंत आले आणि त्यांनी माझा पेला भरून दिला. फिजिओथेरपी हा शब्द मला पुढे दहा वर्षांनी कळला. काम मी तिथे बघितलं होतं.'

मी मोबाईल पालथा ठेवला. आईकडे येणाऱ्या मुलांतली ती एक, हे माझ्याकडे दोन वर्षं काम करूनही ती कधी बोलली नव्हती.

ही गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. पण ती गोष्ट आहे असं आमच्या घरात कोणाला वाटलंच नव्हतं. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ऑफिसात रजेचा अर्ज गेला, पण सडकेवर सांगितलं की भैय्याजी शेतीच्या कामाने गावाला गेलेत. साहेबाचं तोंड वाकडं झालेलं कोणी बघू नये म्हणून चादरी बांधल्या. चार महिने. नंतर बाबा कामावर गेले, थोडे लंगडत, आणि पाय मुरगळला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. बाबा आठ वर्षांपूर्वी गेले. ते गेल्यावरही आम्ही कधी त्याचं नाव काढलं नाही. आणि आता कोहक्याच्या एका बाईने दोन हजार लोकांसमोर चादर ओढली होती.

आई समोर बसली होती. रत्नमालाबाई, वय ऐंशी. मी तिला वाचून दाखवलं, मुद्दाम, म्हणजे दोघी मिळून चिडू. आईने मोबाईल हातात घेऊन नीतूचं नाव बघितलं. मग म्हणाली, "शालिकरामची पोरगी ना? काना-मात्रा नीट लिहायची. सारखी पाणी प्यायला जाते म्हणून मी रागवत होती तिले."

मी पोस्ट काढून टाकली. पण लोकांनी तिचे फोटो काढून महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आधीच फिरवले होते, माझं खोटं आणि नीतूचं खरं एकाखाली एक.

मंगळवारी हॉस्पिटलचा मेल आला. विभागप्रमुख म्हणून नीतू हटवार. मला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. मी गाडी काढली आणि तडक कोहक्याला गेले. भांडायला. अभिनंदन करायला गेले असं मी नंतर मंडळात सांगितलं, ते खोटं आहे.

ती कांता नावाच्या भाजीवालीला दोरी ओढायला लावत होती. मला बघून कांताला म्हणाली, "चल, आज इतकंच. उद्या ये." शटर अर्धं खाली ओढलं, खुर्ची पुसली. मी बसले नाही.

"कोणाला विचारून लिहिलंस?"

"कोणालेच नाही, ताई. चुकलं मायं."

"माझ्या वडिलांचं होतं ते. आमच्या घरातलं होतं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं."

"लोकं तुमाले खोटारडी म्हणून राहिले होते. मले पायवलं नाही."

"खोटं तर मी लिहिलंच होतं. तुझं काय जात होतं?"

ती हिरवा पडदा सारखा करत राहिली. मग माझ्याकडे वळली, आणि पहिल्यांदा मी तिला रागावलेली बघितली. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"राग तं मले बी आला होता. दोन खोल्या आमच्या होत्या, ताई. बाबाच्या पाठीले तेल मी लावत होती. तुमच्याजवळ एवढं मोठं घर होतं, लॉन होता, सगळं होतं. आमच्या दोन खोल्या बी कावून पायजे होत्या तुमाले?"

मी खुर्चीत बसले. बाहेर कोणाची तरी स्कूटी सुरू होत नव्हती, तो किक मारत होता. नीतूने कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागली.

"मी किती जळत होती तुमच्यावर, तुमाले मालूम नाही."

"घरावरून?"

"घरावरून कायले? घर तं सगळ्या साहेब लोकायचं तसंच राहे." तिने साखर टाकली. "माये बाबा त्याच साली सायकलवरून पडले. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टरनं सांगतलं होतं, रोज हात हलवा. पण बाबा ओरडले की आई म्हणे, राहू दे, नका त्रास देऊ त्याइले. आमी सगळे त्याइले जपत राहिलो. मले मालूम होतं ना, मी तुमच्या घरी पायलं होतं, ओरडले तरी थांबाचं नाही. पण मी आठ वर्षांची. मायं कोण ऐकन? हात तसाच राहिला. आता बी खांद्याच्या वर जात नाही. शर्ट आई घालून देते." तिने चहा माझ्या हातात दिला. "मी तुमच्या अंगणात उभी राहून पायत होती आणि मनात म्हणत होती, ही पोरगी आमच्या घरी कावून नाही? अजून बी म्हणते मी कधी कधी. तुमच्याकडे नोकरीले कायले आली होती मंग? रायपूरले जास्त पगार भेटत होता."

मी चहा प्यायले. तिला म्हणाले, दुर्गचं काम नीट कर, टाक्याचं पाणी रोज तपासून घे. ती हो म्हणाली. दारापर्यंत आली, शटर वर केलं.

नोकरी गेली होती. गावभर हसं झालं होतं. माझ्या हाताखालची मुलगी आता माझ्या स्वप्नातल्या टेबलामागे बसणार होती, आणि ती तिथे माझ्याहून चांगलं काम करेल हेही मला पक्कं माहीत होतं. तरी गाडी चालवताना मी गाणं गुणगुणत होते. सुपेल्याच्या सिग्नलला थांबले तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. नीतू हटवारला माझा हेवा वाटत होता. अठ्ठावीस वर्षं! समोर उभं राहून ती मला सांगत होती की तिच्या बापाचा हात वर जात नाही, त्याला शर्ट घालून द्यावा लागतो, आणि ते ऐकताना माझ्या पोटात आनंदाने गुदगुल्या होत होत्या. शोधत होते ती माझी गोष्ट हीच. खरी आहे, माझी आहे, तिला सेक्टर लागत नाही की सडक लागत नाही. पण ती टाकू कुठे?